पडद्यावरचं चित्र बोलतं कसं? ‘फँड्री’ची भिंत, ‘कोर्ट’चा अंधार आणि तुमच्या आठवणीतल्या फ्रेम्स

रानजाई

नमस्कार मंडळी,

आधीच सांगून ठेवते, या धाग्यात बऱ्याच चित्रपटांचे शेवट उघड होणार आहेत. ‘फँड्री’, ‘सैराट’, ‘कोर्ट’ पाहिले नसतील तर आधी बघून या.

आमच्या गावात महिन्यातून एकदा चित्रपट दाखवून त्यावर गप्पा होतात. ‘फँड्री’ संपला की पहिला प्रश्न ठरलेला: ती काळी चिमणी म्हणजे नक्की काय? मग कुणी म्हणतं स्वातंत्र्य, कुणी म्हणतं प्रेम, कुणी म्हणतं जातीतून सुटका. एक उत्तर पक्कं झालं की विषय मिटला. मला हे फार खटकतं. चिमणीचा अर्थ शोधायच्या नादात चिमणी बघायचीच राहून जाते.

चित्रपटातल्या शाळकरी जब्यासाठी ती चिमणी अगदी व्यवहाराची गोष्ट आहे. तिला पकडायची, जाळायची, राख वर्गातल्या शालूच्या अंगावर टाकायची, की शालू आपल्यावर भाळेल, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय. म्हणून गलोल घेऊन तो रानोमाळ तिच्यामागे फिरतो. आपल्याला दिसतं ते एवढंच: एक पोरगा, वाळलेलं रान आणि हाती न लागणारा पक्षी. ती परत परत निसटते तशी त्या पोराची तगमग हळूहळू आपल्या अंगात भिनते. त्यासाठी कुणी काही उलगडून सांगावं लागत नाही.

आता भिंतीकडे येते. डुक्कर अखेर पकडलं जातं, पाय बांधून बांबूला उलटं टांगलं जातं आणि जब्याच्या बापाचं, कचरूचं कुटुंब ते खांद्यावर घेऊन शाळेच्या भिंतीपुढून चालायला लागतं. भिंतीवर बाबासाहेब आहेत, सावित्रीबाई आहेत, गाडगेबाबा आहेत. कुणी पात्र त्या चित्रांकडे बोट दाखवत नाही, कुणी त्यावर चकार शब्द काढत नाही. पुढून डुक्कर जातं, मागे महापुरुष.

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला अशी भिंत पाठ असते. सुविचार, पाढे, महाराष्ट्राचा नकाशा आणि पुढाऱ्यांचे चेहरे. ऑइलपेंट, त्यावर खालून चढलेली ओल, पोरांच्या हातांनी मळलेला पट्टा. रोज समोर असल्यामुळे ती आपल्याला दिसेनाशी झालेली असते. दिग्दर्शक नागराज मंजुळ्यांनी नवीन काही उभं केलं नाही, दिसेनाशी झालेली भिंत पुन्हा दिसेल अशा ठिकाणी कॅमेरा ठेवला.

आणि महत्त्वाचं म्हणजे ही भिंत केव्हा येते ते बघा. हीच फ्रेम पहिल्या दहा मिनिटांत आली असती तर आपण ‘छान टिपलंय’ म्हणून पुढे गेलो असतो. ती येते तोवर आपण तासभर जब्याला लपताना पाहिलेलं असतं. शालूला आपलं घर दिसू नये, आपला बाप दिसू नये, आपण डुकरामागे धावताना दिसू नये, एवढीच त्याची धडपड. आणि शेवटी त्याला सगळ्या शाळेसमोर डुकरामागे पळावं लागतं. मध्येच राष्ट्रगीत सुरू होतं आणि डुक्कर अगदी टप्प्यात आलेलं असताना सगळं कुटुंब जागच्या जागी सावधान उभं राहतं. डुकराला राष्ट्रगीत कळत नाही, ते निघून जातं. थिएटरात तिथे हशा पिकतो आणि अर्ध्यातच थांबतो. हे सगळं पोटात साचल्यावर भिंत येते.

शेवटच्या दगडाचंही तसंच. जब्या दगड भिरकावतो तो थेट कॅमेऱ्यावर. ‘प्रेक्षकांवर मारलेला दगड’ असं सगळेच लिहितात, ते खरंही आहे. पण तो आपल्याला लागतो कारण त्याआधी बराच वेळ कॅमेऱ्याने आपल्याला त्या गर्दीत नेऊन बसवलेलं असतं. तमाशा बघायला जमलेल्यांमधून आपणही तो पाठलाग बघत असतो, क्वचित हसतही असतो. दगड येतो तेव्हा आपण कुठे बसलोय ते आपल्याला कळतं.

साधारण १९२० च्या सुमाराला रशियात लेव्ह कुलेशॉव्ह नावाच्या दिग्दर्शकाने एक प्रयोग केला होता. मोझ्झुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा घेतला आणि त्याला कधी सुपाची वाटी जोडली, कधी शवपेटी, कधी एक स्त्री. लोकांना त्याच चेहऱ्यात भूक दिसली, दुःख दिसलं, वासना दिसली. ती मूळ फिल्म आज शिल्लक नाही, पण मुद्दा शंभर वर्षं टिकला आहे. चेहऱ्यात जे दिसलं ते शेजारच्या चित्राने आणून ठेवलेलं होतं.

तर मला तुमच्याकडून ऐकायचंय. डोक्यात रुतून बसलेली एखादी फ्रेम सांगा. फक्त तिचा अर्थ सांगू नका. कॅमेरा कुठे आहे, किती वेळ थांबतो, त्याआधी काय घडलंय, उजेड कुठून येतोय, हे सांगा.

तांबडं_फुटलं

धागा आवडला. लगेच आठवला तो ‘सैराट’चा शेवट.

खून आपण बघतच नाही. माहेरची माणसं भेटी घेऊन येतात, आर्ची चहा ठेवते, पोरगं शेजारणीबरोबर बाहेर गेलेलं. मग ते परत येतं, दारातून आत जातं. कॅमेरा त्याच्या उंचीच्या आसपास असतो. ते रडतंय हे दिसतं पण ऐकू येत नाही, सगळा आवाज काढून घेतलाय. तसंच रडत ते बाहेर चालायला लागतं आणि फरशीवर लाल पावलं उमटत जातात.

त्याआधी अडीच तास पडदा गाण्यांनी, आरडाओरड्याने, ट्रॅक्टर-बुलेटच्या आवाजाने भरलेला होता. त्या मानाने ही शांतता सहन होत नाही. आमच्या थिएटरात दिवे लागले तरी बराच वेळ कुणी उठलं नव्हतं.

सायली_पण_जुई

तांबडं_फुटलं, त्या पावलांबद्दल मला काही सांगायचंय, पण रानजाईंचा नियम मोडतो की काय कळत नाही.

आमच्याकडे गौरी आणताना उंबऱ्यापासून देवघरापर्यंत कुंकवाची पावलं काढतात. लहानपणी ते काम माझ्याकडे असायचं. मुठीची बाजू कुंकवाच्या पाण्यात बुडवून ठसा उठवायचा, वर पाच बोटं टेकवायची. ती पावलं नेहमी आत येणारी, एकही बाहेर जाणारं काढायचं नाही, आजीची सक्त ताकीद. ‘सैराट’मधली पावलं बघितली तेव्हा पहिलं तेच आठवलं. लहान, लाल आणि घरातून बाहेर जाणारी. तेव्हापासून सणाला कुंकवात हात घालताना ते चित्र डोळ्यांपुढे येतं.

दिग्दर्शकाच्या मनात हे होतं की नव्हतं, मला ठाऊक नाही.

रानजाई

@सायली_पण_जुई, नियम अजिबात मोडत नाही. तुम्ही अर्थ लावायला बसला नव्हता, तुमच्या हातानेच ओळखलं ते. चित्र असं आपल्या आठवणीत घुसून स्वतःची जागा शोधतं, तेच तर मला म्हणायचं होतं. धन्यवाद, हे वाचून अंगावर काटा आला.

कुडाळकर

चर्चा चांगली चालली आहे, पण मला धाग्याची मूळ भूमिकाच पटत नाही. स्पष्ट लिहितो, राग नसावा.

‘आधी वस्तू बघा, अर्थ नंतर’ हे ऐकायला बरं वाटतं. पण आपली बघायची सवय तशी कधीच नव्हती. देवळात मूर्ती बघताना आपण दगड बघत नाही. शंख, चक्र, गदा दिसली की विष्णू. कटेवर हात दिसले की विठोबा. हा ठरलेला अर्थ हाच आपल्या बघण्याचा पाया आहे, आणि आपला सिनेमा त्याच पायावर उभा राहिला. ‘प्रभात’चा १९३६ चा ‘संत तुकाराम’ घ्या. शेवटी तुकोबा विमानातून वैकुंठाला जातात. आज कुणी त्या विमानाच्या ट्रिकफोटोग्राफीला नावं ठेवील, पण ज्यांनी ते पाहिलं त्यांनी हात जोडले. तिथे कॅमेरा कुठे होता याने फरक पडला नाही. वैकुंठ म्हणजे काय ते बघणाऱ्याला आधीच माहीत होतं.

किंवा गुरुदत्तचा ‘प्यासा’. सभागृहाच्या दारात तो हात पसरून उभा राहतो, मागून प्रकाश, चेहरा काळोखात. तो क्रूस आहे हे दिग्दर्शकाला दाखवायचंच होतं. मग प्रेक्षकाने ते ओळखलं तर बिघडलं कुठे?

शांतारामबापूंच्या १९३४ च्या ‘अमृतमंथन’मधला राजगुरूचा डोळा आठवा. पडदाभर एक डोळा. हा माणूस क्रूर आहे हे सांगायला दुसरं काही लागत नाही. प्रतीक हा शब्द आजकाल शिवीसारखा का वापरतात, मला समजत नाही.

रानजाई

@कुडाळकर, राग कसला, असाच प्रतिसाद हवा होता.

‘तुकाराम’बद्दल मात्र थोडं भांडते. विमान येतं तेव्हा तिथे जिजाई आहे. आख्खा चित्रपट ती बाई पोरांच्या पोटाची चिंता वाहते, विठोबाला शिव्या घालते, चूल-म्हैस-घर सांभाळते. विष्णुपंत पागनीसांचा शांत चेहरा आणि तिचा कावलेला चेहरा हे आपण दीड-दोन तास शेजारी शेजारी बघत आलेलो असतो. विमानाने हात जोडले जातात हे कबूल, पण घशात आवंढा येतो तो मागे राहणाऱ्या जिजाईमुळे. ठरलेला अर्थ आणि रचलेलं चित्र दोन्ही तिथे काम करतात. माझी तक्रार पहिल्यावरच थांबणाऱ्यांबद्दल आहे.

उजेडाचे_गणित

मी कॅमेरा विभागात असिस्टंट म्हणून काम करते, त्यामुळे उजेडाबद्दल लिहिते. बघणाऱ्याला प्रकाश ‘दिसत’ नाही, पण भावनेचं अर्धं काम तोच करून जातो.

अगदी जवळचं उदाहरण देते. क्लोजअप लावलेला असतो. नट समोर, कॅमेऱ्याच्या बाजूला लाइटमनदादा थर्माकोलची शीट धरून उभे. त्या शीटवरून उडालेला उजेड नटाच्या डोळ्यात एक बारीक ठिपका बनून बसतो, त्याला आम्ही आय-लाइट म्हणतो. आता शीट वीतभर खाली घ्या. ठिपका गेला. नटाने काहीही बदललेलं नाही, तोच श्वास, तीच नजर. पण मॉनिटरवर तो माणूस आतून विझल्यासारखा दिसतो. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हादरले होते. संवाद, अभिनय सगळं जागच्या जागी आणि थर्माकोलच्या एका तुकड्याने प्रसंग फिरला.

आमच्या धंद्यात व्ही. के. मूर्तींचं नाव आदराने घेतात. गुरुदत्तच्या ‘कागज के फूल’मध्ये (१९५९) रिकाम्या स्टुडिओत वरून उन्हाचा जाडजूड झोत खाली येतो, त्यात धूळ तरंगते आणि नायक-नायिका त्या झोताच्या अलीकडे-पलीकडे. मूर्तींनी तिथे स्टुडिओबाहेरचं खरं ऊन आरशांनी परावर्तित करून आत आणलं होतं. दिव्यांच्या किरणांना जो पसरटपणा येतो तो त्या उन्हात नव्हता. झोताच्या कडा धारदार राहिल्या. त्या दोघांमध्ये जे अंतर आहे ते पटकथेत कितीही लिहा, पडद्यावर ते उजेडाच्या त्या खांबाने उभं राहिलं. मूर्तींना पुढे २००८ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला, आणि कॅमेरामनला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ.

दुसरं उदाहरण याच्या अगदी उलट. सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’मध्ये (१९५६) काशीच्या वाड्याचा चौक कोलकात्यात सेट म्हणून बांधला होता. खऱ्या वाड्यात चौकातून उजेड वरून झिरपतो, त्याला धड सावली नसते. स्टुडिओत दिवे थेट मारले की प्रत्येक माणसाच्या मागे भिंतीवर सावल्या पडतात आणि सेट उघडा पडतो. सुब्रत मित्र यांनी चौकावर पांढरं कापड ताणलं आणि दिवे खालून त्यावर मारून उजेड परत खाली आणला. आज प्रत्येक सेटवर आम्ही बाउन्स करतो, त्या काळी हे फारसं कुणी करत नव्हतं.

याचा भावनेशी संबंध काय? त्या घराला आपण सेट समजत नाही, घर समजतो. मग बाप हरिहर आजारी पडतो, छोटा अपू गंगेचं पाणी आणतो, ते तोंडात घालताच हरिहरचा जीव जातो आणि पुढच्याच क्षणी कबुतरांचा प्रचंड थवा आकाशात उडतो. कुडाळकर काका म्हणतील, पक्षी उडाले म्हणजे प्राण उडाला, ठरलेलं प्रतीक. खरं आहे. पण त्याआधीचं घर इतकं खरं आहे म्हणून ती कबुतरंही काशीतली खरी कबुतरं वाटतात.

आडवाट७

वा! उजेडाचे_गणित, तुम्ही स्वतंत्र धागा काढाच. थर्माकोलचा किस्सा भारी.

अवांतर: ‘किल्ला’मध्ये दिग्दर्शक आणि कॅमेरामन एकच आहेत, अविनाश अरुण. म्हणून की काय, तिथे पाऊससुद्धा पात्रासारखा वागतो. मित्र छोट्या चिन्मयला किल्ल्यात एकट्याला टाकून निघून जातात तो प्रसंग मी कोकणातल्या माझ्या मामाच्या गावी बसून पाहिला होता, बाहेरही धो धो कोसळत होता.

वकीलीणबाई

रोज वाचते, लिहिते क्वचित. ‘कोर्ट’चं नाव शीर्षकात आहे म्हणून राहवलं नाही. मी तालुक्याच्या न्यायालयात वकिली करते.

चैतन्य ताम्हाणे यांच्या या चित्रपटात कॅमेरा बहुतेक वेळ जागचा हलत नाही आणि जवळही जात नाही. न्यायाधीश, टंकलेखक, दोन्ही बाजूंचे वकील, बाकावर ताटकळणारी माणसं, सगळे एकाच चौकटीत, जवळपास एकाच आकाराचे. नारायण कांबळे या शाहिरावर खटला चाललाय, पण चौकट त्याला खास जागा देत नाही. हिंदी सिनेमातल्या कोर्टात आरोपीचा चेहरा पडदाभर असतो, वकील टेबलावर हात आपटतो आणि कॅमेरा गर्रकन वळतो. खऱ्या कोर्टात आरोपी हा खोलीतला सगळ्यात कमी बघितला जाणारा माणूस असतो. त्याचा पुकारा होतो, तो उभा राहतो, त्याच्याबद्दल त्याला न समजणाऱ्या भाषेत काहीतरी बोललं जातं, पुढची तारीख पडते, तो जातो. मी हे रोज बघते. इतकी सवय झाली आहे की माझ्या स्वतःच्या पक्षकाराचा चेहरा बघायचा राहून जातो अशी भीती वाटते. तो चित्रपट पाहिल्यापासून तारीख पडली की मी मुद्दाम मागे वळून पक्षकाराकडे बघते.

आणि तो अंधार. उन्हाळी सुटीआधीचा शेवटचा दिवस. कामकाज संपतं, माणसं एकेक करून बाहेर पडतात, कॅमेरा तिथेच. शिपाई दिवे बंद करत जातो. खोली काळी होते आणि पडदा काळाच राहतो. माझ्या शेजारच्या बाई पर्स उचलून उठल्यासुद्धा. पुढे काय, काही कळलेलं नाही. सुटी लागली एवढंच.

पण चित्रपट तिथे संपत नाही. न्यायाधीश सहकुटुंब सहलीला जातात. रिसॉर्टच्या बागेत बाकावर त्यांचा डोळा लागतो. पोरं दबकत येतात, एकदम ओरडून पळतात. ते दचकून उठतात, हाताशी सापडलेल्या पोराच्या थोबाडीत मारतात आणि पुन्हा पेंगायला लागतात. इथेही कॅमेरा लांबच, कोर्टात होता तितकाच. सव्वा-दीड तास आपण याच अंतरावरून ‘कामकाज’ बघत आलोय, त्यामुळे ती थप्पड मला खासगी वाटलीच नाही. तो निकालच वाटला.

सातासमुद्रापार

आम्ही जर्मनीत असतो. मुलांचं मराठी घरापुरतं, संवाद वेगात आले की ती मागे पडतात. मध्यंतरी ‘श्वास’ लावला. २००४ मध्ये आला तेव्हा मी पुण्यात पाहिला होता, ‘श्यामची आई’नंतर थेट त्यालाच सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं म्हणून केवढं कौतुक झालं होतं.

आजोबा नातवाला, परशाला, ऑपरेशनच्या आधी इस्पितळातून गुपचूप शहर दाखवायला घेऊन जातात तो भाग आला. संवाद फार नाहीत. गर्दी, वाहनं, दुकानं, रंग. ऑपरेशननंतर त्या पोराला कधीच दिसणार नाही हे आजोबांना माहीत आहे, आपल्यालाही माहीत आहे. माझी नऊ वर्षांची मुलगी एकदम म्हणाली, “आई, तू मध्ये बोलू नकोस, त्याला बघू दे.”

रानजाई, तुमच्या मुद्द्याला धरूनच सांगते. रस्त्यावरची ही दृश्यं कुठल्याही माहितीपटात सापडतील. कोकणातल्या हिरव्या झाडीचे तुकडे पण तसेच, पर्यटनाच्या जाहिरातीत चालतील. इथे त्यातलं प्रत्येक चित्र शेवटचं आहे हे आधी ठाऊक झालंय, म्हणून ते सोडवत नाही.

सायली_पण_जुई

“त्याला बघू दे”!! काय बोलली पोर. तिला माझ्याकडून एक पापा.

आडवाट७

थोडा विरोधी सूर लावू का? हल्ली फेस्टिव्हलला जाणारे चित्रपट बघितले की एक साचा दिसतो. कॅमेरा स्थिर, माणूस खिडकीत, कुणी बोलत नाही, दोन मिनिटं पंखा फिरतो. याला ‘दृश्यभाषा’ म्हणायचं आणि कंटाळा आला तर आपली अभिरुची कमी पडली म्हणायचं. मला नाही पटत. संवाद काढून टाकले म्हणून चित्र आपोआप बोलायला लागत नाही. आपली नाट्यसंगीत आणि नाटकांवर वाढलेली पिढी संवादावर जीव टाकते, त्यात कमीपणा काय?

रानजाई

कमीपणा काहीच नाही. पंख्याबद्दल तर पूर्ण सहमत. :-)

फरक कसा पडतो ते ‘द डिसायपल’मधून सांगते. शास्त्रीय गाणं शिकणारा शरद नेरुळकर रात्री मोकळ्या रस्त्यावरून बाइकवर जात असतो, चित्र संथ केलेलं, कानात गानगुरू माईंची व्याख्यानं. संगीत म्हणजे तपश्चर्या, पैसा-प्रसिद्धी हवी असेल तर हा मार्ग नव्हे, असं त्या सांगत असतात. तो आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा आहे. हे दृश्य पुन्हा पुन्हा येतं. पहिल्यांदा तो तरुण आहे आणि ते शब्द ऐकताना रस्ता स्वर्गाला चालल्यासारखा वाटतो. पुढे वय वाढतं, पोट सुटतं, मैफली मिळत नाहीत, आणि तोच रस्ता, तोच वेग, तोच आवाज. चित्र जवळपास तेच, आपण मात्र तिथे वेगळं ओझं घेऊन पोचतो. इथे लांबी फुकट जात नाही कारण दर खेपेला दोन खेपांमधली वर्षं त्यात येऊन बसतात. पंखा फिरतो तेव्हा त्यात काय येऊन बसलंय, हा प्रश्न विचारायचा. काहीच नसेल तर कंटाळा आलाच पाहिजे, आपली चूक नाही ती.

आणि संवादच कशाला, आवाजसुद्धा चित्राचं काम करतो. ‘पथेर पांचाली’त हरिहर गावी परततो, लेकीसाठी, दुर्गासाठी साडी आणलेली असते, ती गेल्याचं त्याला ठाऊक नसतं, आणि त्याची बायको सर्वजया ती साडी दातांत धरून कोसळते. तिचा हंबरडा आपल्याला ऐकूच येत नाही. राय यांनी तो काढून तिथे तारशहनाई या तंतुवाद्याचा उंच सूर घातला. चेहरा रडताना दिसतो आणि कानात सूर. ‘कुंकू’मध्ये (१९३७) शांतारामबापूंनी उलट केलं. पार्श्वसंगीतच ठेवलं नाही, घरातले खरे आवाज तेवढे ठेवले. जरठ नवऱ्याच्या घरात अडकलेली नीरा दिसते तेव्हा तिच्या बाजूने रडायला एकही व्हायोलिन नाही.

उजेडाचे_गणित

@आडवाट७, सेटवरूनही हेच सांगते. ‘इथे लाँग होल्ड करू’, म्हणजे शॉट लांबवू, असं कुणी म्हणालं की आमचे एक वरिष्ठ शांतपणे विचारायचे, “याच्या आधीचा शॉट कोणता लागणार आहे?” उत्तर आलं नाही तर ते ट्रायपॉड लावायला सांगायचे नाहीत.

कुडाळकर काका गप्प झाले का? तुमच्या नावावरून विचारते, पिंगुळी तुमच्या जवळच ना? तिथली चित्रं दाखवत कथा गाण्याची कला, चित्रकथी, पाहिलीय का तुम्ही? आमच्या कोर्समध्ये तिचा नुसता उल्लेख झाला होता.

कुडाळकर

गप्प नाही झालो, वाचत होतो. पिंगुळी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. तिथल्या ठाकर समाजाने ही कला जपली आहे.

विचारलंत म्हणून नीट सांगतो. रामायण-महाभारतातल्या एकेका आख्यानाची एक पोथी असते. कागदावर नैसर्गिक रंगांनी काढलेली चित्रं, दोन दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. सांगणारा जमिनीवर बसतो, समोर चित्र उभं धरतो, साथीला वीणा, टाळ आणि हुडुक हे छोटं चर्मवाद्य. चित्रातल्या राक्षसाचा डोळा मोठा बटबटीत, रामाचा चेहरा बाजूने. कोण कोण आहे ते पोराटोरांनाही ओळखता येतं. माझा ठरलेल्या अर्थाचा मुद्दा मी तिथूनच आणला होता आणि तो मी सोडत नाही.

पण रानजाईंचं आणि तुमचं वाचून एक गोष्ट मांडाविशी वाटली. चित्र किती वेळ समोर राहणार हे गाणं ठरवतं. लढाईचं चित्र आलं की हुडुक वाढतो आणि पानं भराभर उलटतात. आणि सीतेला रानात सोडून लक्ष्मण परत फिरतो त्यासारखा प्रसंग असेल तर तेच एक चित्र समोर ठेवून गाणारा कितीतरी वेळ गात राहतो. चित्र हलत नाही, तरी बघणाऱ्या बायका डोळ्यांना पदर लावतात. सुरुवातीला तिची नुसती आकृती दिसते. गाणं पुढे सरकतं तसं तिच्या मागचं झाड दिसायला लागतं, मग तिचा हात, मग पाठमोरा रथ.

या गणेशोत्सवानंतर मी गावी आहे. उजेडाचे_गणित, आडवाट७, कुणाला यायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. सादरीकरण कधी आहे ते विचारून कळवतो. पावसात यायचं टाळा, पोथ्या दमट हवेत बाहेर काढत नाहीत.